ढगावर नाव नसते

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने जाताना शिक्रापूरला उजवीकडे वळले, की वेळ नदीकाठचे तळेगाव ढमढेरे लागते. या गावाच्या पावसाचा निकाल पश्चिमेच्या डोंगरांवर लागतो. समुद्रावरून पाणी घेऊन आलेला वारा सह्याद्री चढतो, थंड होतो आणि जवळचे बहुतेक सारे घाटमाथ्यावर ओतून मोकळा होतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा येतो न येतो. जून-जुलैत आभाळ रोज भरते, ढग डोक्यावरून पूर्वेला सरकतात आणि खाली थोडीशी भुरभुर टाकून जातात. वळीव एका शिवाराला झोडपतो आणि बांधापलीकडचे शिवार कोरडे ठेवतो. खरी भिस्त परतीच्या पावसावर. अशा मुलखात माणूस पावसाबद्दल हक्काने बोलतो. आमचा पाऊस पलीकडे पडला, आमचे ढग कुणीतरी फिरवले, विमान गेले आणि आभाळ फाकले, असे बोल कोरडवाहू गावांत सहज कानावर येतात.

या हक्काच्या बोलण्याला पुण्याच्या एका संस्थेने गेल्या साठ वर्षांत फार संयमाने उत्तर दिले आहे. ती संस्था म्हणजे पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘आयआयटीएम’. मोसमी पावसाचे अंदाज, महासंगणक, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप यांसाठी तिचे नाव वर्तमानपत्रांत येते. मला मात्र तिच्या वाटचालीतला एकच धागा उलगडायचा आहे. या संस्थेची माणसे विमानातून ढगांच्या मागे गेली, ढगांत शिरली, त्यांत मीठ पेरून आली. आणि हे सगळे करताना ‘हा ढग माझा’ असे म्हणता येणार नाही, अशी शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली. विज्ञानातला हा शिष्टाचार मला तिच्या महासंगणकांपेक्षा मोठा वाटतो.

पुण्यात हवामानशास्त्र रुजले ते १९२८ मध्ये. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय त्या वर्षी शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, पण निरीक्षणांची आणि नोंदींची परंपरा इथे राहिली. शेतीच्या हवामानशास्त्राची देशातली पहिली शाखा १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांनी इथेच उभी केली होती. त्यामुळे उष्ण प्रदेशांच्या हवेचा मुळातून अभ्यास करणारी संस्था काढायचे ठरले, तेव्हा जागा शोधत बसावे लागले नाही. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यातल्या ‘रामदुर्ग हाऊस’मध्ये ती सुरू झाली. तेव्हा ती हवामान खात्याचाच एक स्वतंत्र विभाग होती आणि जागतिक हवामान संघटनेचे साहाय्य तिला होते. पहिले संचालक पी. आर. पिशारोटी. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन केलेले हे गृहस्थ पुढे भारतातल्या दूरसंवेदन शास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेले. १ एप्रिल १९७१ रोजी संस्था स्वायत्त झाली. त्यानंतर मंत्रालये बदलत गेली, आणि २००६ पासून ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे.

पाऊस पाडण्याचे प्रयत्न या संस्थेच्या आधीपासून चालू होते. अमेरिकेत १३ नोव्हेंबर १९४६ रोजी व्हिन्सेंट शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकला आणि खाली हिमकण पडताना दिसले. त्यानंतर जगभर जणू हक्क बजावायला निघावे तसे लोक ढगांकडे धावले. आपल्याकडे १९५१ मध्ये टाटांच्या कंपनीने पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या गटाने पुढे दिल्ली, आग्रा, जयपूर इथे जमिनीवरून मीठ उडवण्याचे प्रयोग केले. ढग आणि पावसाच्या भौतिकीचे हे दिल्लीतले काम पुढे पुण्याच्या संस्थेकडे आले, आणि त्याबरोबर भा. व्ही. रमण मूर्ती यांच्यासारखे शास्त्रज्ञही. ते पुढे संस्थेचे संचालक झाले.

मग आला १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या पिढीला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९७३ च्या डिसेंबरात बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातल्या पाण्याची महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात वाटणी सांगितली. भीमा, घोड, मुळा-मुठा या साऱ्या नद्या त्याच खोऱ्यातल्या. म्हणजे जमिनीवर उतरलेल्या पाण्याचे मालक त्या वर्षी कागदावर ठरले. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुण्याहून डकोटा विमान उडू लागले ते अजून न उतरलेल्या पाण्याकडे. घाटाच्या पर्जन्यछायेत, दौंडच्या पुढे बारामतीच्या परिसरात, उष्ण ढगांत मीठ पेरण्याचा हा प्रयोग १९७३, १९७४, १९७६ आणि नंतर १९७९ ते १९८६ असा एकूण अकरा पावसाळे चालला.

उष्ण ढग म्हणजे ज्याचा माथाही गोठणबिंदूच्या वरच्या तापमानात असतो असा ढग. त्यात बर्फ नसतो. अशा ढगात असंख्य बारीक थेंब तरंगत असतात. ते सारे जवळपास एकाच आकाराचे असतील तर एकमेकांवर आदळत नाहीत, मोठे होत नाहीत आणि खाली येत नाहीत. त्यांच्यात काही थोराड थेंब हवेत, म्हणजे ते खाली येता येता लहानांना गिळत जातील. मिठाचा कण हवेतला ओलावा झपाट्याने ओढतो, म्हणून थोराड थेंब तयार करायला मीठ. आपल्या स्वयंपाकघरातलेच, पण फार बारीक दळलेले. कणाचा आकार सुमारे दहा मायक्रॉन. गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात शंखजिऱ्याची भुकटी. विमान ढगाच्या तळापासून दोनशे-तीनशे मीटर वर शिरायचे आणि ढगातल्या दर लिटर हवेला साधारण एक कण पडेल अशा बेताने मीठ सोडायचे.

इथवर हे कुणीही करील. विमान हवे, मीठ हवे, धाडस हवे. प्रयोगाची खरी घडण त्याच्या पुढच्या नियमात होती. प्रयोगाच्या क्षेत्राचे तीन पट्टे केलेले होते: उत्तरेचा, दक्षिणेचा आणि दोहोंच्या मध्ये एक मोकळा. मधल्या पट्ट्यात कधीच काही करायचे नाही, कारण एका बाजूचा परिणाम दुसऱ्या बाजूला मिसळता कामा नये. उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी कोणत्या पट्ट्यात पेरणी करायची हे त्या त्या दिवशी नशिबाने ठरायचे. संख्याशास्त्राच्या भाषेत यादृच्छिक निवड, आपल्या भाषेत चिठ्ठी. ज्या पट्ट्याची चिठ्ठी निघाली त्याच पट्ट्यातल्या ढगांना मीठ. दुसऱ्याला हातही लावायचा नाही. मग दोन्हीकडच्या पर्जन्यमापकांतले पाणी मोजायचे. आज उत्तर तर उद्या कदाचित दक्षिण, कदाचित पुन्हा उत्तर. असे अकरा हंगाम.

याचा अर्थ विमानातल्या माणसासाठी काय होता, ते जरा थांबून पाहिले पाहिजे. चिठ्ठी दक्षिणेची निघाली आहे. दक्षिणेकडे पातळ, विस्कटलेले ढग आहेत. उत्तरेला मात्र भरदार, वर वर चढणारा, मीठ टाकताच ओघळेल असा ढग उभा आहे. खाली दुष्काळी गावे आहेत. विमानात मीठ आहे. आणि तरी तिकडे वळायचे नाही. हा नियम मोडला असता तर कुणाला कळले नसते असेही नाही आणि कुणी फाशी दिले असते असेही नाही. पण तो मोडला असता तर प्रयोग संपला असता. आपल्याला हवा तो ढग निवडायचा आणि मग पाऊस पडला की ‘आम्ही पाडला’ म्हणायचे, याला जगात कोणीही विज्ञान म्हणत नाही. कारण भरदार ढग तसाही बरसतोच. तो बरसला यात आपला वाटा किती, हे सांगायचे तर तितकेच भरदार काही ढग न शिवता सोडून द्यावे लागतात. आपण मागे लागलेल्या गोष्टीवरचा हक्क आधी सोडायचा, तेव्हा कुठे तिच्याबद्दल काही बोलण्याचा अधिकार मिळतो.

ए. एस. रामचंद्र मूर्ती, ए. मेरी सेल्व्हम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा हंगामांचा निष्कर्ष २००० मध्ये एकत्र प्रसिद्ध केला. पेरलेल्या बाजूला पाऊस २४ टक्क्यांनी जास्त, आणि हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ४ टक्के. पण मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. एक किलोमीटरहून जाड आणि घनमीटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त पाणी धरून असलेल्या ढगांनाच मीठ मानवले. त्याहून उथळ, कमी पाण्याचे ढग मीठ टाकल्यावर विरून जाण्याकडे झुकले. म्हणजे दिसेल तो ढग आपला म्हणून त्यात शिरणारा माणूस खालच्या शेतकऱ्याचे उरलेसुरले चार थेंबही घालवू शकतो. वरून जाणाऱ्या प्रवासी विमानाने ढग पळवले, या गावोगावच्या समजुतीला यातून काही आधार मिळत नाही. ती विमाने मीठ पेरत नाहीत. पण पेरणाऱ्याने हात आवरला पाहिजे, हे मात्र पेरणाऱ्यांनीच मोजून दाखवले, आणि आपल्याला अडचणीचा असलेला हा निष्कर्ष लपवला नाही.

वादळांचा पाठलाग करणाऱ्यांची खरी परंपरा अमेरिकेतल्या मैदानी राज्यांत आहे, आणि तिथे ढगावरच्या हक्काचा हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. डेव्हिड होडली या तरुणाने १९५६ मध्ये नॉर्थ डकोटात वादळांमागे गाडी घालायला सुरुवात केली. १९७७ मध्ये त्यांनी ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचे छोटे नियतकालिक काढले. तेव्हा हे लोक हाताच्या बोटांवर मोजता येत. १९७२ पासून ओक्लाहोमातल्या राष्ट्रीय वादळ प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञही चक्रवाताजवळ, म्हणजे टोर्नेडोजवळ, जाऊ लागले, आणि २४ मे १९७३ ला युनियन सिटीच्या चक्रवाताचा जन्मापासून अंतापर्यंतचा अभ्यास त्यांना साधला. बारामतीचा प्रयोगही त्याच वर्षीचा. पुढे १९९६ च्या ‘ट्विस्टर’ चित्रपटानंतर रस्त्यांवर गर्दी झाली. कोणी वादळ आधी पाहिले, कोणाचे छायाचित्र कोणी विकले, कोणी जागा सांगितली आणि कोणी लपवली, नवख्यांनी जुन्यांच्या वाटा अडवल्या, यावर रुसवेफुगवे सुरू झाले. आपण शेकडो मैल गाडी हाकून गाठलेले वादळ आपलेच, असे वाटणे माणसाला सोडत नाही. चक डॉस्वेल या हवामानशास्त्रज्ञाने पाठलागाच्या आचारावर सविस्तर लिहिले. सुरक्षितता, दुसऱ्याशी सौजन्य आणि जबाबदारी, या तिन्हींची आठवण त्यांना करून द्यावी लागली. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करू नका, मदतीला निघालेल्या वाहनांना वाट द्या, ज्यांचे घर उडाले त्यांच्यासमोर आनंद दाखवू नका, अशा साध्या गोष्टी. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ चार किलोमीटरहून रुंद चक्रवात अचानक वळला आणि टिम समरास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा त्यात मृत्यू झाला. समरास उतावळे नव्हते. चक्रवाताच्या वाटेत उपकरणे ठेवून हवेचा दाब मोजणारे ते अत्यंत काळजीपूर्वक काम करणारे संशोधक होते. वादळाला मात्र कुणाचा किती अनुभव, याच्याशी काही देणेघेणे नसते.

न्यायालयांनाही ढगाचा मालक ठरवता आलेला नाही. १९५० मध्ये पाणीटंचाईने गांजलेल्या न्यूयॉर्क शहराने वॉलेस हॉवेल यांना ढगांत पेरणी करायला नेमले, तेव्हा डोंगरातल्या एका विश्रामस्थळाचे मालक पावसाने आमचा धंदा बुडेल म्हणून न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की ढगांवर आणि त्यातल्या ओलाव्यावर त्यांचा मालकी हक्क नाही. त्यानंतर आठ वर्षांनी टेक्सासमध्ये गारपीट टाळण्यासाठी विमाने ढगांत फिरू लागली, आणि कुरणांचे मालक म्हणाले की आमचा पाऊस मोडला जातो. तिथल्या न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. निसर्ग जो पाऊस देईल तो मिळण्याचा त्यांना अधिकार आहे असे मानून त्यांच्या जमिनीवरची पेरणी थांबवली. दोन्ही निकाल आजही शेजारी शेजारी शिकवले जातात. २०१८ मध्ये इराणच्या एका लष्करी अधिकाऱ्याने इस्रायल आमचे ढग चोरतो असा आरोप केला, तर त्याच्याच देशाच्या हवामान खात्याच्या प्रमुखाने हे शक्य नसल्याचे सांगितले. आपली राज्यघटना तर याबाबत मोठी बोलकी आहे. हवामान संस्था संघसूचीत, पाणी राज्यसूचीत. ढग वर असेतो त्याची नोंद केंद्राकडे, खाली आला की तो राज्याचा. मधल्या हवेतल्या त्याच्या प्रवासाबद्दल कायदा गप्प आहे. ती मोकळी जागा या संस्थेने स्वतःच्या शिस्तीने भरली, म्हणून तिची वाटचाल मला सांगावीशी वाटते.

पाठलाग हा एकच मार्ग नव्हे, हेही याच संस्थेने दाखवले. ए. के. कामरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाषाणच्या आवारात वातावरणातल्या विजेची निरीक्षणे वर्षानुवर्षे घेतली. उन्हाळ्यात पुण्यावर वळवाचे ढग आपण होऊन येतात. गडगडाटी ढगाखाली जमिनीवर विद्युतक्षेत्र कसे बदलते, धुळीच्या वादळात विद्युतभार कसा साठतो, हे उपकरणे मांडून, ढग येईपर्यंत वाट पाहून मोजता येते. पुढे वीज कुठे पडली ते ओळखणाऱ्या संवेदकांचे जाळे महाराष्ट्रात सुरू होऊन देशभर गेले, आणि त्याच माहितीवर ‘दामिनी’ ॲप उभे राहिले. शेतात काम करणाऱ्या माणसाला आपल्या आसपास विजा पडताहेत हे त्यावर दिसते. जमवलेली माहिती ज्याच्या जिवावर बेतू शकते त्याच्या हातात ती फुकट पोचवणे, याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

संस्थेचे सर्वांत मोठे देणे तर दिसायला अगदी रूक्ष आहे. बी. पार्थसारथी, ए. ए. मुनोत आणि डी. आर. कोठवळे यांनी १८७१ पासूनच्या नोंदी तपासून ३०६ पर्जन्यमापकांची एक अखंड, सारखी मालिका बांधली. डोंगराळ प्रदेश सोडून साधारण दर जिल्ह्याला एक केंद्र. केंद्रे मध्येच बदलली, वाढली, बंद पडली तर जुन्या आणि नव्या पावसाची तुलना खोटी ठरते. म्हणून तीच केंद्रे शेवटपर्यंत धरायची, हा त्यामागचा आग्रह. कुठल्या तरी तहसील कचेरीच्या आवारात रोज सकाळी पर्जन्यमापकातले पाणी मोजणारे कारकून पिढ्यान्‌पिढ्या बदलले, राज्य बदलले, वजनमापे बदलली, आकडे मात्र एका रांगेत आले. आणि ही रांग संस्थेने कुलपात ठेवली नाही. जगातला कोणीही संशोधक ती घेऊ शकला. भारताच्या मोसमी पावसावर आणि एल निनोवर जगभर लिहिल्या गेलेल्या असंख्य शोधनिबंधांखाली हीच मालिका आहे. माहिती जमवणाऱ्याला तिच्यावर मालकी वाटणे साहजिक असते. आयुष्य घालवून जमवलेले आकडे दुसऱ्याने वापरून नाव कमवावे, हे पचायला जड जाते. पुण्याच्या या तिघांनी आणि त्यांच्या संस्थेने ते पचवले. भारतीय मोसमी पावसाबद्दल आज जगाला जे कळते त्यात त्या उदारपणाचा मोठा वाटा आहे.

बारामतीच्या प्रयोगानंतर विमान बराच काळ जमिनीवर राहिले. २४ टक्के हा आकडा उमेद देणारा होता, पण ढगाच्या आत नेमके काय घडले याची मोजमापे अपुरी होती, आणि जगभरातले संख्याशास्त्रज्ञ पावसाच्या बाबतीत सहजासहजी मान डोलावत नाहीत. संस्थेने मग उलट्या टोकापासून सुरुवात केली. २००९ मध्ये ‘कायपीक्स’ हा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात पेरणीच नव्हती. पठाणकोट, हैदराबाद, बरेली अशा ठिकाणांहून उपकरणे लावलेले विमान उडवायचे आणि धूळ, धूर, थेंब, बर्फ हे सारे फक्त मोजायचे. २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरची ढग-प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे ढग खिडकीतून आत येतो, त्याच्यामागे जावे लागत नाही. मांढरदेवच्या डोंगरावरचे रडार घाटावरून पूर्वेकडे जाणाऱ्या ढगांवर नजर ठेवू लागले.

पेरणीचा मोठा प्रयोग पुन्हा झाला तो २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत, सोलापूरला. प्रकल्पाची धुरा तारा प्रभाकरन यांच्याकडे होती. दोन विमाने: एक पेरणारे, एक फक्त मोजणारे. सोबत रडार आणि जमिनीवर पर्जन्यमापकांचे जाळे. या वेळी पेरायचे ते मीठ कॅल्शियम क्लोराइडचे, विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या पेटवून ढगाच्या तळाशी सोडलेले. आणि बारामतीचा नियम इथेही तसाच. फरक इतकाच की आता चिठ्ठी पट्ट्याची नव्हती, एकेका ढगाची होती. २७६ ढग निवडले गेले. ढग आधी निकषात बसला पाहिजे, आणि मग तो पेरायचा की तसाच सोडायचा हे यादृच्छिक पद्धतीने ठरणार. न पेरलेल्या ढगाचीही तितक्याच काळजीने मोजणी. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढलेला दिसला. पेरणीच्या ठिकाणापासून वाऱ्याच्या दिशेने शंभर चौरस किलोमीटरवर सरासरी वाढ सुमारे १८ टक्के. आणि हेही सांगितले गेले की हे सगळे ढग असतील तेव्हाच. आभाळ कोरडे असेल तर विमानाला करण्यासारखे काही नाही.

या दोन प्रयोगांच्या मधल्या काळात आणि दुसरा चालू असतानाही टंचाईच्या वर्षांत राज्य सरकारने कृत्रिम पावसाच्या मोहिमा काढल्या. २००३, २०१५, २०१९ ही त्यांतली ठळक वर्षे. लोकांचा जीव टांगणीला लागलेला असताना सरकारने हातावर हात धरून बसावे असे मी म्हणणार नाही. पण मोहीम आणि प्रयोग यांतला फरक आपल्या चर्चेत फार लवकर पुसला जातो. मोहिमेत चिठ्ठी नसते. चांगला दिसलेला प्रत्येक ढग पेरायचा असतो, कारण त्याच्यासाठीच पैसे मोजलेले असतात. मग विमान उडाले आणि संध्याकाळी पाऊस झाला, तर तो कोणामुळे झाला हे कधीच कळू शकत नाही. आणि पाऊस झाला नाही तरी दोष कोणाचा, तेही कळत नाही. आपल्या तालुक्यात विमान का आले नाही, शेजारच्या जिल्ह्यातच का गेले, असे वाद मात्र होतात. ढगावर हक्क सांगण्याची ही घाई राजकारणाला शोभत असेल. दुष्काळी भागाला तिचा उपयोग नाही.

तळेगाव ढमढेऱ्याला आज पावसावरचा हक्क एका वेगळ्याच ठिकाणी मांडावा लागतो. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, टंचाईचे निकष हे सारे मंडळाच्या आकड्यावर चालते. शिरूर तालुक्यातल्या तळेगाव, पाबळ, न्हावरे अशा मंडळांत वळवाचा पाऊस एका वाडीवर कोसळतो आणि केंद्र असलेल्या गावात जमीनही भिजत नाही. मग ज्याचे पीक झोपले त्याच्या शेतात पाऊस पडलाच नव्हता, असे कागद सांगतो. इथे शेतकरी ‘माझा पाऊस’ म्हणतो तेव्हा तो अंधश्रद्ध नसतो. त्याच्याजवळ पुरावा मात्र नसतो. केंद्रांची संख्या वाढवणे हा एक उपाय आहे, तो खर्चिक आहे आणि तरी केला पाहिजे. शाळांतून, सोसायट्यांतून साधी पर्जन्यमापके ठेवून रोज साडेआठला नोंद करणे हा दुसरा, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. ३०६ केंद्रांची मालिका ज्यांनी बांधली त्या संस्थेकडून गावांनी शिकावे असे हेच आहे: तेच ठिकाण, तीच वेळ, आणि आकडा सर्वांसाठी खुला.

संस्थेकडेही माझे एक मागणे आहे. बारामतीच्या अकरा हंगामांचे आणि सोलापूरच्या दोन पावसाळ्यांचे शोधनिबंध इंग्रजीत आहेत, आणि ते जगाने वाचलेच पाहिजेत. पण त्या पट्ट्यांत राहणारी माणसे प्रयोगाच्या उपकरणांइतकीच प्रयोगाचा भाग होती. कोणाच्या डोक्यावरचा ढग पेरला गेला आणि कोणाच्या डोक्यावरचा जाणूनबुजून सोडला गेला, हे प्रयोग चालू असताना सांगता येत नाही; सांगितले तर मोजमापाला बाधा येते. हंगाम संपल्यावर मात्र ते सांगायला काहीच हरकत नसावी. जिथे मीठ पडले नाही त्या गावाला, तुमचा ढग आम्ही सोडला तो या कारणासाठी सोडला आणि त्यातून आम्हाला हे कळले, असे समजावून सांगितले, तर ते गाव ते ऐकून घेईल अशी माझी खात्री आहे. पुढच्या वेळी पुण्याहून विमान घाटाच्या या बाजूला ढगांमागे निघेल, तेव्हा दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत त्या पावसाळ्याच्या चिठ्ठ्यांची यादी, तारखेसकट आणि मिलिमीटरसकट, मराठीतून वाचून दाखवायला संस्थेचा एखादा शास्त्रज्ञ यावा.